पुण्याला हलवा

६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेत गावी, समुद्रकाठच्या वाळूत, आनंद नावाच्या विशीतल्या तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात पुरेशी सोय नव्हती. पायाला लाकडी फळ्या बांधल्या गेल्या, ८ मे रोजी तिथल्या डॉक्टरांनी फळ्या काढून स्प्लिंट लावले, आणि पुढे रात्री एकच्या सुमारास टॅक्सीत आडवे घालून त्याला पुण्याकडे नेण्यात आले. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी सकाळी साडेअकराला गाडी पुण्यात पोचली. आनंदचे वडील डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले दौंडला दवाखाना चालवत. ते दौंडहून पुण्यात आले होते. ताराचंद रामनाथ रुग्णालयात पाय तपासून झाल्यावर मुलाला डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या रुग्णालयात दाखल केले. तिथे मॉर्फियाचे एक इंजेक्शन दिले गेले, एक्स-रे निघाले, शस्त्रक्रियागृहात पायाला प्लास्टर झाले. सातपर्यंत मुलगा शुद्धीवर येईल असे सांगितल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाला आईच्या लक्षात आले की मुलाला श्वास घेताना त्रास होतो आहे. नऊ वाजता तो गेला. दाखल्यावर मृत्यूचे कारण ‘फॅट एम्बोलिझम’ असे लिहिले होते, म्हणजे मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात मिसळून झालेला अडथळा. वडिलांना ते पटले नाही. ते स्वतः डॉक्टर होते.

त्यांनी डॉ. जोशी यांच्यावर केलेल्या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून लागला तो २ मे १९६८ रोजी. पुरेशी भूल न देता, तीन माणसांकडून पाय ओढवून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, हा खालच्या न्यायालयांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. भरपाई होती तीन हजार रुपये. भारतातल्या वैद्यकीय हलगर्जीपणाच्या कायद्याचा पाया म्हणून हा निकाल आजही सांगितला जातो. रुग्णाला हाती घ्यायचे की नाही, कोणते उपचार करायचे आणि ते कसे करायचे, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घ्यावी, एवढीच त्यातली अपेक्षा आहे. सर्वोत्तम कौशल्य कायदा मागत नाही आणि गलथानपणा चालवून घेत नाही; जी काळजी घ्यायची तीही त्या-त्या परिस्थितीत जोखायची. पालशेतला फळ्या बांधणाऱ्यावर कोणी बोट ठेवले नाही ते याच हिशेबाने. मात्र या निकालातल्या दोन गोष्टी कायद्याच्या पुस्तकात सहसा ठळक होत नाहीत. पहिली, वादी आणि प्रतिवादी दोघेही डॉक्टर होते, त्यामुळे ‘डॉक्टर विरुद्ध रुग्ण’ ही नेहमीची विभागणी या पहिल्याच मोठ्या खटल्याला लागू पडत नाही. दुसरी, एका संध्याकाळी काय घडले हे ठरवायला पंधरा वर्षे लागली. इतकी वर्षे एका घराने शोक उघड्यावर ठेवला आणि एका शल्यचिकित्सकाने आरोप डोक्यावर वागवला. या विषयावर गेल्या चाळीस वर्षांत जगभर जे संशोधन झाले त्याचा रोख या दुसऱ्या गोष्टीकडेच आहे: डॉक्टर बिघडतो तो शिक्षेने कमी आणि चौकशीच्या तऱ्हेने जास्त, आणि त्याचा भुर्दंड शेवटी रुग्णाच्याच माथी पडतो.

हार्वर्डचे अनुपम जेना हे डॉक्टर आणि अर्थशास्त्रज्ञ असे दोन्ही आहेत. त्यांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या विमा कंपनीकडचे ४० हजारांहून अधिक डॉक्टरांचे दावे तपासले. दरवर्षी सरासरी ७.४ टक्के डॉक्टरांवर दावा होत होता, पण पैसे द्यावे लागले असे डॉक्टर होते अवघे १.६ टक्के. मेंदूच्या शल्यचिकित्सकांत दाव्याचे प्रमाण वर्षाला १९.१ टक्के, मानसोपचारतज्ज्ञांत २.६ टक्के. जोखमीच्या शाखांतल्या ९९ टक्के डॉक्टरांना वयाच्या पासष्टीपर्यंत एकदा तरी दाव्याला तोंड द्यावे लागेल, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे मेंदूवर किंवा हृदयावर शस्त्रक्रिया करणाऱ्याने दावा गृहीतच धरायचा. चांगला डॉक्टर आणि वाईट डॉक्टर यांच्यातला फरक दावा झाला की नाही यावरून कळणार नाही. दोन वर्षांनी याच गटाने आणखी एक हिशेब मांडला. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीतले सुमारे ५१ महिने, म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ, सरासरी डॉक्टर कुठला ना कुठला दावा अनिर्णित असताना काम करतो. यातला बराचसा काळ अशा दाव्यांचा असतो, ज्यांत शेवटी कोणाला दमडीही मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की दावे निष्फळ ठरतात याचा अर्थ रुग्ण उगाच कोर्टात जातात. आकडे तसे सांगत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या रुग्णालयांमधले १९८४ सालचे तीस हजारांवर केसपेपर हार्वर्डच्याच एका गटाने वाचून काढले. त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. दाखल झालेल्यांपैकी ३.७ टक्के रुग्णांना उपचारांमुळेच इजा झाली होती आणि त्यातल्या चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त इजा हलगर्जीपणामुळे होत्या. मग या केसपेपरांची सांगड न्यायालयातल्या दाव्यांशी घालण्यात आली. ज्या २८० रुग्णांना हलगर्जीपणाने इजा झाल्याचे दिसले, त्यांच्यापैकी दावा केला फक्त आठांनी. दुसरीकडे, जे दावे झाले त्यांतल्या बहुतेकांत तपासणाऱ्या डॉक्टरांना हलगर्जीपणा सापडला नाही. ज्याचे खरोखर नुकसान झाले तो गप्प बसला, आणि ज्याने चूक केली नव्हती तो वकिलाच्या ऑफिसात बसला. पुढे डेव्हिड स्टडर्ट यांनी २००६ मध्ये १,४५२ दाव्यांचा अभ्यास केला तेव्हा चित्र थोडे बरे दिसले. चूक नसलेल्या दाव्यांत बहुधा पैसे मिळत नाहीत, म्हणजे न्यायव्यवस्था शेवटी बऱ्याच अंशी बरोबर उत्तराला पोचते. पण पोचायला सरासरी पाच वर्षे लागतात. पाच वर्षांनी आलेले बरोबर उत्तर ना रुग्णाच्या कामाचे, ना डॉक्टरच्या.

या पाच वर्षांत माणसाचे काय होते, हा प्रश्न शिकागोच्या मानसोपचारतज्ज्ञ सारा चार्ल्स यांनी आधी विचारला. त्यांच्यावर स्वतःवर दावा झाला होता. त्या निर्दोष ठरल्या, आणि त्यानंतर आरोप झालेल्या डॉक्टरांचा अभ्यास हेच त्यांचे काम झाले. झोप उडणे, चिडचिड, जुन्या आजारांनी डोके वर काढणे, विशिष्ट प्रकारचे रुग्ण टाळणे, लवकर निवृत्तीचा विचार अशी लक्षणे त्यांना पुन्हा पुन्हा आढळली. आणि ती हरलेल्यांत होती तशी जिंकलेल्यांतही होती. २००० साली अल्बर्ट वू यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले की चुकीचा पहिला बळी रुग्ण, पण दुसरा बळी तो डॉक्टर, ज्याला सहकारी टाळू लागतात आणि ज्याला बोलायला जागा उरत नाही. या शब्दप्रयोगावर पुढे टीकाही झाली, रुग्णांच्या कुटुंबांना तो झोंबला, आणि ते समजण्याजोगे आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे टॉम बोर्न यांनी २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास आठ हजार डॉक्टरांची पाहणी छापली. ज्यांच्यावर नुकतीच तक्रार झाली होती त्यांच्यात मध्यम ते तीव्र नैराश्याचे प्रमाण १६.९ टक्के होते, तक्रार न झालेल्यांत ९.५ टक्के. आत्मघाताचे विचारही त्यांच्यात सुमारे दुप्पट. अशी पाहणी कारण आणि परिणाम ठामपणे वेगळे काढू शकत नाही. आधीच खचलेल्या डॉक्टरकडून चूक होऊन तक्रार झाली असेल, असेही म्हणता येईल. पण याच पाहणीत दहापैकी आठाहून अधिक डॉक्टरांनी सांगितले की तक्रारीनंतर, किंवा दुसऱ्यावरची तक्रार पाहून, आपण उपचारांची पद्धत बदलली. निम्म्याच्या आसपास डॉक्टर अवघड रुग्ण किंवा अवघड प्रक्रिया टाळू लागले होते.

इथून गोष्ट डॉक्टरच्या मनाची राहत नाही. बचावात्मक वैद्यक म्हणजे नको त्या तपासण्या लिहून देणे, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. स्टडर्ट यांच्या २००५ सालच्या पेनसिल्व्हानियातल्या पाहणीत जोखमीच्या शाखांतल्या ८२४ डॉक्टरांपैकी ९३ टक्क्यांनी आपण असे वागतो अशी कबुली दिली, आणि ४२ टक्क्यांनी आपले काम आवरते घेतल्याचे सांगितले. डॉक्टरांच्या संघटना हा ९३चा आकडा सभांमधून वापरतात. तो जपून वापरायला हवा. त्या वेळी पेनसिल्व्हानियात विम्याचे हप्ते भडकले होते, डॉक्टर संतापलेले होते, आणि रागावलेला माणूस प्रश्नावली भरताना हात आखडता घेत नाही. मायकेल फ्रेक्स आणि जोनाथन ग्रुबर यांनी वेगळी वाट धरली. अमेरिकी सैन्याच्या रुग्णालयांत सेवेतल्या सैनिकाला डॉक्टरवर दावा करता येत नसे, त्याच्या कुटुंबीयांना मात्र येई. इमारत तीच आणि डॉक्टरही तेच. दोघांच्या उपचारांची तुलना केली तेव्हा सैनिकांवरचे आंतररुग्ण उपचार सुमारे पाच टक्क्यांनी कमी भरले, आणि त्यांची प्रकृती त्यामुळे बिघडलेली दिसली नाही. पाच टक्के ही किरकोळ रक्कम नव्हे, पण ९३ टक्क्यांच्या आरड्याओरड्याशी तिचे नाते लांबचे आहे. जादा तपासण्यांचा खर्च मोजता येतो म्हणून त्याची चर्चा फार होते. जो उपचार झालाच नाही, तो बिलात दिसत नाही.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा विचार इथे करायला हवा, कारण काम आवरते घेण्याचा अर्थ अशा गावांत शहराहून निराळा होतो. शिरूर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, पुण्यापासून पासष्ट-सत्तर किलोमीटर. दौंड भीमेकाठचे रेल्वे जंक्शन, तेही ऐंशीच्या आत-बाहेर. शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय, आणि दोन्हीकडे बाजारपेठेत डॉक्टर दांपत्यांची दहा-वीस खाटांची हॉस्पिटले. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतले अपघात, उसाच्या फडातले सर्पदंश, कीटकनाशकाचे विषबाधित, रात्रीची बाळंतपणे हे इथले नित्याचे रुग्ण. घोणस चावलेला मजूर समजा रात्री दहाला आला. विष चढले आहे का हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळी हलवायची नाही, मग तिरपी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर प्रतिविष लगेच सुरू करायचे, सुरुवातीला आठ ते दहा कुप्या, शिरेतून. पण प्रतिविषाची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते; अंगावर पित्त उठते, रक्तदाब पडतो, घसा सुजतो. अॅड्रिनालिनचे इंजेक्शन भरून हाताशी ठेवलेले असेल तर बहुतेक वेळा निभावते. हे सगळे दहा खाटांच्या दवाखान्यात करता येते. आता डॉक्टरचा हिशेब बघा. प्रतिविष दिले आणि टेबलावरच रुग्ण कोसळला, तर बाहेर उभे असलेले वीस नातेवाईक आत येतील, कारण इंजेक्शन दिल्याबरोबर माणूस गेला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ‘पुण्याला हलवा’ म्हणून चिठ्ठी दिली आणि शिक्रापूर-वाघोलीच्या वाहतुकीत नाहीतर यवत-लोणीच्या दरम्यान माणूस गेला, तर दोष सापाचा, रस्त्याचा, नशिबाचा. चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे कोणी परतून येत नाही. हात लावला तर जबाबदारी, न लावला तर सुटका, असा हा मामला आहे, आणि विषाच्या बाबतीत वाया गेलेला प्रत्येक तास मूत्रपिंडाच्या मुळावर येतो.

कायद्याने पाहिले तर ही सुटका खोटी आहे. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवतानाही काळजी घ्यावी लागते, हे गोडबोले निकालातच आहे. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणे हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. तेव्हा प्रथमोपचार न करता पुढे पाठवणे हाही हलगर्जीपणा ठरू शकतो. व्यवहारात मात्र न केलेल्या गोष्टीचा साक्षीदार नसतो. म्हणून भीती सगळ्या डॉक्टरांना सारख्या दिशेने ढकलते, आणि ती दिशा कायद्याने सांगितलेल्या दिशेच्या उलटी असते. अर्थात सगळे ‘हलवा’ भीतीपोटी नसतात. रक्तपेढी नाही, भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावी गेलेला, व्हेंटिलेटर नाही, अशा वेळी वेळेवर पुढे पाठवणे हाच योग्य उपचार. पाठवण्याआधी सलाईन लागले का, पहिला डोस गेला का, चिठ्ठीवर वेळ आणि दिलेली औषधे लिहिली का, पुढच्या रुग्णालयाला फोन झाला का, यावरून सोय नाही म्हणून पाठवले की भीतीने, हे कळते.

या साऱ्या संशोधनावर पहिला आक्षेप असा की ते अमेरिका-इंग्लंडचे आहे. अमेरिकेत ज्यूरी कोट्यवधींची भरपाई देते, वकील जिंकल्यावरच फी घेतात. शिरूरच्या डॉक्टरला त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. इथे दावे कमी होतात, भरपाई बहुधा माफक असते. कोलकात्याच्या अनुराधा साहा प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळपास सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले, पण तो अपवाद. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, तरी ग्राहक आयोगाची नोटीस ही इथल्या डॉक्टरची पहिली धास्ती नाही. पहिली धास्ती आहे जमाव आणि पोलीस ठाणे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला निवासी डॉक्टरवर जीवघेणा हल्ला झाल्यावर राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले होते. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा तेव्हा सात वर्षांचा होता. शहरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयात सुरक्षारक्षक असतात, कायदा विभाग असतो. तालुक्याच्या गावी पाटीवर डॉक्टरचे नाव असते आणि वरच्या मजल्यावर त्याचे घर, मुलांची शाळा दोन गल्ल्या पलीकडे. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या लालसोट या अशाच छोट्या गावी, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने बाई दगावल्यावर पोलिसांनी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरवर थेट खुनाचे कलम लावले आणि दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरने जीवन संपवले. अमेरिकी आकड्यांमधून इथे उचलायची ती रक्कम नाही, यंत्रणा: दोष असो वा नसो, आरोप येऊ शकतो, रेंगाळतो, आणि माणूस त्याप्रमाणे वागणे बदलतो. आपल्याकडे ही यंत्रणा जास्त उघडी आणि जास्त शारीरिक आहे.

फौजदारी कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, जेकब मॅथ्यू प्रकरणात, याची दखल घेतली. लुधियानाच्या रुग्णालयात १९९५ साली लावलेले ऑक्सिजनचे नळकांडे रिकामे निघाले आणि रुग्ण दगावला. डॉक्टरांवरचा गुन्हा दहा वर्षांनी रद्द झाला. रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी वेगळी, पण डॉक्टरला तुरुंगात पाठवायचे तर हलगर्जीपणा घोर असला पाहिजे, आणि खटला भरण्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घेतले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवून दिले. पुण्यात अशी कागदपत्रे ससूनच्या समितीकडे जातात. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरला इतरांपेक्षा कमी, कमाल दोन वर्षांची शिक्षा ठेवली आहे. एवढी कवचे असूनही भीती हटत नाही, कारण ती निकालपत्रे वाचून आलेली नसते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा ‘फोनवर औषध सांगणे आता गुन्हा’ अशी बातमी गावोगाव पसरली आणि कित्येक डॉक्टर फोन उचलण्याआधी दोनदा विचार करू लागले. निकालातला मुद्दा अधिक नेमका होता: सिझेरियननंतर पुन्हा दाखल झालेल्या बाळंतिणीजवळ रुग्णालयात जबाबदार डॉक्टरच नव्हता, आणि तिला न तपासता औषधे सांगितली गेली. दोन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, दूरस्थ वैद्यकसेवेचे नियम निघाले आणि फोनवरच्या सल्ल्याला रीतसर जागा मिळाली.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो डॉक्टरांच्या गोटातूनच आलेला आहे. पुढे पाठवण्यामागे भीती असते की ‘कट’, म्हणजे टक्केवारी? डॉ. अरुण गद्रे यांनी लासलगावला अनेक वर्षे प्रॅक्टिस केल्यानंतर ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ लिहिले. रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणारी टक्केवारी, कॉर्पोरेट रुग्णालयांची महिन्याची ‘टार्गेट’, नको त्या शस्त्रक्रिया या सगळ्याचे कथन त्यात डॉक्टरांच्याच तोंडून आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला समितीही नेमली होती. तेव्हा बचावात्मक वैद्यक हे लोभाचे सभ्य नाव असू शकते, हे मान्यच करायला हवे. पाच तपासण्या लिहिणारा डॉक्टर ‘उद्या तुम्हीच विचाराल’ म्हणतो, त्यातल्या तीन भीतीच्या आणि दोन टक्केवारीच्या असू शकतात, आणि बाहेरून ओळखता येत नाहीत. पण या आक्षेपाने मूळ मुद्दा बळकटच होतो. पैसा आणि भीती जेव्हा एकाच दिशेला ओढतात तेव्हा थांबवणारे काही उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. या दरीला एकट्या भीतीने किंवा एकट्या पैशाने उत्तर देता येणार नाही.

तिसरा आक्षेप नातेवाइकांचा: धाक काढून घेतला तर उरले काय? मेडिकल कौन्सिल डॉक्टरांचीच. आणि न्याय इथे आधीच किती मिळतो? औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये प्रसूतीनंतर नसबंदी झालेल्या स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला, अकरा दिवसांत ती गेली, आणि तिच्या नवऱ्याला ३६ हजार रुपये मिळावेत हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले ते फेब्रुवारी १९९६ मध्ये. तेहतीस वर्षे. पोटात टॉवेल राहणे यात संशयाला जागा नव्हती, तरी तेहतीस वर्षे. त्यामुळे डॉक्टरांना सरसकट अभय द्या, ही मागणी कोणत्याही पुराव्यावर टिकत नाही. स्टडर्ट यांनीच २०१९ मध्ये जवळपास पाच लाख डॉक्टरांची नोंद तपासली. ८९ टक्क्यांवर भरपाई देण्याची वेळ एकदाही आली नव्हती. दोन किंवा अधिक वेळा भरपाई द्यावी लागलेले अवघे २.३ टक्के, पण एकूण भरपाईतले ३९ टक्के दावे त्यांच्या खात्यावर होते. वारंवार चुकणाऱ्यांपैकी बहुतेक काम करतच राहिले, आणि त्यांचा कल एकट्याची लहान प्रॅक्टिस थाटण्याकडे दिसला, जिथे शेजारून बघणारा सहकारी नसतो. म्हणजे धाक चुकीच्या माणसांवर बसतो. सावध डॉक्टर हात काढून घेतो, बेफिकीर डॉक्टर पाटी बदलतो. वारंवार तक्रारी येणाऱ्याला हुडकणे हे कौन्सिलचे काम आहे आणि खटल्यांच्या भीतीने ते आपोआप होत नाही.

मग मधली वाट कोणती? मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने २००१ नंतर चूक झाली की स्वतःहून सांगायला, चौकशी करून निष्कर्ष कुटुंबापुढे ठेवायला आणि दोष असेल तिथे दाव्याची वाट न पाहता भरपाई द्यायला सुरुवात केली. वकिलांनी धोक्याचा इशारा दिला होता. २०१० मध्ये छापून आलेल्या आकड्यांत नवे दावे महिन्याला दर लाख भेटींमागे ७.०३ वरून ४.५२ वर आले होते, आणि निकाली निघण्याचा काळही घटला. चार्ल्स व्हिन्सेंट यांनी १९९४ मध्ये इंग्लंडमध्ये दावेदारांना विचारले होते की कोर्टात का गेलात. पैशाइतकेच त्यांना हवे होते ते स्पष्टीकरण, आणि हे दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये ही हमी. आपल्याकडे याचा एक देशी नमुना आधीपासून आहे आणि त्याचे कौतुक फार कमी होते. माता मृत्यू अन्वेषणात प्रत्येक मातामृत्यूची तपासणी होते, ती दोषी ठरवण्यासाठी नाही, उशीर कुठे झाला हे शोधण्यासाठी: घरातून निघायला, वाहन मिळायला, की रुग्णालयात पोचल्यावर. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या आढाव्याला मृत स्त्रीच्या नातेवाइकांनाही बोलावण्याची तरतूद आहे. हीच पद्धत सर्पदंश, विषबाधा आणि वाटेत दगावलेल्या प्रत्येक रुग्णाला लावली, तर चिठ्ठी लिहून सुटणारा आणि धोका पत्करून पहिला डोस देणारा, हे दोघे पहिल्यांदाच एका कागदावर शेजारी दिसतील.

चुकीनंतर अशा समोरासमोर बोलण्याला कायद्याची आडकाठी अगदी नेमक्या ठिकाणी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तीन ते पाच महिन्यांत निकाली काढण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि आयोगांना मध्यस्थी कक्ष जोडले. दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसावे, बोलावे, जमले तर मिटवावे, यासाठी ही सोय. मात्र २०२० च्या मध्यस्थी नियमांनी काही प्रकरणे या कक्षाबाहेर ठेवली, आणि त्या यादीत वैद्यकीय हलगर्जीपणामुळे झालेला मृत्यू किंवा गंभीर इजा आहे. हेतू समजतो: दुबळ्या कुटुंबावर दबाव आणून मृत्यूचा सौदा होऊ नये. पण ती भीती असेल तर कुटुंबाला मोफत वकील आणि बाहेरचा वैद्यकीय सल्लागार द्या, तडजोडीची प्रत कौन्सिलकडे जाणे सक्तीचे करा, आणि दार उघडा. आज फ्रीज बिघडल्याच्या तक्रारीत दुकानदार आणि ग्राहक एका टेबलाशी बसू शकतात. मुलगा गमावलेल्या दौंडच्या बापाला आणि पुण्याच्या शल्यचिकित्सकाला तशी मुभा नाही. त्यांनी १९५३ सालासारखेच एकमेकांशी वकिलांमार्फत बोलायचे.